अर्धी वाटी तांदूळ

आमच्या घरात वजनकाटा आला तो चिरंजीवांच्या पोटामुळे. चाळिशी ओलांडताच त्या पोटाने पुढाकार घेतला, तेव्हा कोणा आहारतज्ज्ञाने त्यांना प्रत्येक पदार्थ तोलून खायला सांगितले. काचेचा, चपटा, पाटीसारखा काटा. एका ग्रॅमचीही गय करीत नाही. पंधरा दिवस पनीरचे तुकडे आणि काकडीच्या चकत्या तोलल्या गेल्या. सोळाव्या दिवशी ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस निघाला आणि काटा ओट्याखालच्या कपाटात गेला. तेथून तो मी उचलला. सेवानिवृत्त माणसाच्या हाती काय लागू द्यावे आणि काय लागू देऊ नये, याचा विचार घरच्यांनी आधीच करायला हवा होता.

निमित्त झाले एका आकड्याचे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली एक अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगातली घरे, खाणावळी आणि दुकाने मिळून १०५ कोटी टन अन्न कचऱ्यात गेले, म्हणजे ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, असे त्यात सांगितले आहे. भारतातल्या घरांचा अंदाज दिला आहे तो माणशी वर्षाला ५५ किलो. हे मी सकाळच्या चहाच्या वेळी मोठ्याने वाचले.

“पंचावन्न किलो? माणशी?” आमच्या सौ.नी हातातले गाळणे तसेच धरून विचारले. “लग्नाच्या हॉलवाल्यांना विचारा म्हणावं. आमच्या घरात शीतसुद्धा टाकत नाहीत.”

लग्नाच्या हॉलकडे बोट दाखवले की आपण सगळेच सुटतो. पण त्या १०५ कोटींतले ६३ कोटी टन घराघरांतले आहेत; हॉटेले, खाणावळी आणि त्यांच्या जातीचे सारे मिळून २९ कोटी. मी कागदावर भागाकार केला. वर्षाला ५५ किलो म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम. आमची पाच माणसे, मी, सौ., चिरंजीव, सूनबाई आणि आठ वर्षांची नात. रोजचे पाऊण किलो.

“एवढं काही होत नसेल आपल्याकडे,” मी म्हणालो.

“नसेल काय? होतच नाही!”

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. आमची पिढी रेशनच्या रांगेत वाढलेली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडा म्हणून सांगितले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे चूल पेटत नसे आणि मी शाळेतून आल्यावर शेंगदाण्यांचा डबा कोठे लपवला आहे याचा शोध घेत असे. अशा घरात अन्न वाया जाते हे कोणी सांगावे! शिवाय याच मंडळींच्या २०२१ सालच्या अहवालात भारताचा आकडा ५० किलो होता आणि तो बेतला होता देहरादून आणि आंध्रातले राजाम येथल्या पाहण्यांवर. पुण्याचे नाव नसलेली यादी पुणेकराला कितपत मान्य होणार, हे काय सांगायला हवे?

तेव्हा आषाढातल्या एका सोमवारी मी मोरीजवळ झाकणाचे दोन डबे मांडले आणि एक शंभर पानी वही घातली. एका डब्यात साली, देठ, बिया, चहाचा चोथा. म्हणजे जे कधीच खाल्ले जाणार नव्हते ते. दुसऱ्यात जे कधीतरी खाण्याजोगे होते ते. ऐकायला सोपे वाटते. पहिल्याच दिवशी दुधीच्या सालीवरून खटका उडाला. सौ.चे म्हणणे, तिची चटणी होते, म्हणून ती अन्नात. सूनबाईंचे म्हणणे, होते खरी, पण आपण करतो का? नाही ना? मग ती सालीत. फ्लॉवरच्या दांड्यांचे तसेच, कोबीच्या वरच्या पानांचे तसेच. अहवालवाल्यांनी हा तंटा टाळला आहे. त्यांनी साली आणि अन्न दोन्ही एकाच आकड्यात धरले आहे. हे कळल्यावर सौ.चा चेहरा जरा खुलला. “मग तसं सांगा की! साली काय खायच्या आहेत?”

रोज सकाळी साडेनऊला, कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या आधी, मी डबे काट्यावर ठेवी, रिकाम्या डब्याचे वजन वजा करी आणि वहीत लिही. मावशी दारात उभ्या राहून दोन दिवस हा सोहळा पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “काका, वजन कशाला करताय? मला विचारा की. कुणाचा डबा जड ते हाताला कळतं.”

“मग आमचा?”

“मधला,” त्या म्हणाल्या. “सणाच्या दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांचेच जड.”

आठवडा भरला. साली-देठ ३ किलो ६०० ग्रॅम. खाण्याजोगे अन्न २ किलो १०० ग्रॅम. बेरीज ५ किलो ७००. अहवालाच्या हिशेबाने पाच माणसांचे आठवड्याला सव्वापाच किलो व्हायला हवे होते. आमचे घर सरासरीत बसले होते, किंचित वरच. मावशींचा हात आणि संयुक्त राष्ट्रे यांचे एकमत पाहून मला अचंबा वाटला.

त्या दोन किलो शंभर ग्रॅमची फोड वाचण्यासारखी होती. भात ५६० ग्रॅम. भाजी-आमटी ४८०. पालेभाजी आणि कोथिंबीर, फ्रिजच्या तळाशी काळी होऊन चिकट झालेली, ३१०. नऊ पोळ्या, २७० ग्रॅम. आंबलेले दही आणि नासलेले दूध १८०. बुरशी आलेला ब्रेड १२०. आणि ताटात टाकलेले उष्टे अवघे १८०. गेली चार वर्षे आमच्या नातीला “ताटात टाकू नकोस” म्हणून दोन्ही वेळा दटावले जात होते. घरातल्या साऱ्या नासाडीत तिच्या ताटाचा वाटा इतका किरकोळ, आणि त्यातही निम्म्या मी बाजूला काढून ठेवलेल्या मिरच्या आणि कढीलिंबाची पाने. नातीने वही वाचली, बोट ठेवून वाचली, आणि त्या रात्री कारल्याची भाजी उघडपणे ताटात ठेवून ती उठली. तिला कोणी काही बोलले नाही.

म्हणजे चोर ताटात नव्हता. पातेल्यात होता, फ्रिजात होता आणि भाजीच्या पिशवीत होता. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती आम्ही आजवर उष्ट्या शितांवरून करीत होतो आणि मागे पातेलेभर भात उरत होता.

मोजल्याशिवाय हे कळत नाही, म्हणूनच जगभर ही मोजामोज चालली आहे. २०१५ साली सगळ्या राष्ट्रांनी मिळून ठरवले की २०३० पर्यंत घरांतली आणि दुकानांतली नासाडी माणशी निम्म्यावर आणायची. निम्मे करायचे तर मुळात पूर्ण किती हे ठाऊक हवे. दक्षिण कोरियाने २००५ साली अन्नाचा कचरा जमिनीत पुरायला बंदी केली, आणि २०१३ पासून तेथे घरोघर त्या कचऱ्याचे मापाप्रमाणे पैसे भरावे लागतात. पुष्कळ इमारतींखाली यंत्र असते; कार्ड दाखवायचे, डबा रिता करायचा, वजन करून यंत्र हिशेब मांडते. आपल्याकडे हे यंत्र आले तर कार्ड शेजाऱ्याचे वापरण्याची युक्ती पहिल्या आठवड्यात निघेल, पण ते असो. घराच्या आधीही पुष्कळ नासते. लुधियानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत काढणीपासून पुढे वाटेत टोमॅटो शेकडा १२ हून अधिक आणि पेरू शेकडा जवळजवळ १६ वाया जातात असे दिसले. त्या वाटेतून तगून जे आमच्या ओट्यापर्यंत पोहोचते, त्याचे आम्ही काय करतो हा प्रश्न उरतोच. आणि डब्यातून पुढे ते कोठे जाते? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी पडला. ढिगात दडपलेले अन्न हवेवाचून कुजले की मिथेन वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. आमची आमटी आमच्या मागे इतके दिवस तापत राहते, हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या सोमवारी मी फर्मान काढले. पातेल्यात उरवायचे नाही. शिळे फेकायचे नाही. फ्रिज रोज रात्री तपासायचा. कागदावर लिहून ते फ्रिजच्या दारावर चिकटवले आणि शेजारी चौकटीच्या कागदावर आलेख काढला. दुसऱ्या आठवड्यात खाण्याजोगे १ किलो ६५० ग्रॅम. तिसऱ्यात १ किलो १००. चौथ्यात ७००! निम्मे करायला राष्ट्रांना पंधरा वर्षे लागतात आणि आम्ही चार आठवड्यांत दोन तृतीयांश घट करून दाखवली होती. बागेतल्या कट्ट्यावर मी हे सांगितले. एका निवृत्त इंजिनिअरांनी आलेखाची नक्कल मागितली. मी मंडळींना व्याख्यानच दिले, आणि हे सगळे या सदरात लिहायचे असेही ठरवून टाकले. तेव्हा लिहिले असते तर फार सुटसुटीत लेख झाला असता.

त्या रविवारी दुपारी मी आलेखावर चौथा ठिपका देत होतो. सूनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“बाबा, एक विचारू? भात कुठे गेला?”

“कुठला भात?”

“काल रात्री पातेल्यात दोन माणसांचा भात उरला होता. सकाळी फोडणीचा भात केला नाही. तुमच्या डब्यात पडला नाही. फ्रिजमध्ये नाही. मग तुमच्या वहीत तो कुठे आहे?”

मी वही चाळू लागलो, जणू काही भात पानांमध्ये दडला होता. सूनबाईंनी टेबलाच्या खणातून दुसरी वही काढली, सौ.च्या साखरेची. गेली आठ वर्षे त्यांना मधुमेह आहे आणि घरच्या यंत्रावर त्या उपाशीपोटीची साखर तपासून लिहून ठेवतात. महिन्यापूर्वी १३८. त्यानंतर १४९. मग १६२. कालची १७६. माझा आलेख उतरत होता त्या दिवसांत हा चढत होता. दोन्ही कागद एकाच घरात होते आणि मी एकच पाहत होतो.

“आई रात्री सगळं आवरून झाल्यावर ओट्याशी उभ्या राहून खातात,” सूनबाई म्हणाल्या. “आणि दुपारी चारला, आदल्या दिवशीच्या पोळ्या, चहाबरोबर. मी दोनदा बोलले. मला म्हणाल्या, यांना सांगू नकोस.”

सौ. बाहेरून आल्या तेव्हा मी दोन्ही वह्या पुढे ठेवल्या. त्या आधी रागावल्या, सूनबाईंवर. मग माझ्यावर.

“मग काय करू? टाकलं तर तुमच्या आलेखात चढतं! आणि टाकायला माझा हातही होत नाही. अन्न ते. तुम्ही कागद चिकटवून मोकळे झालात. शिळं फेकायचं नाही. बरं. मग ते कुणी खायचं हे त्या कागदावर कुठं लिहिलंय?”

लिहिलेले नव्हतेच. वहीत मग आणखी एक रकाना आखला. नाव दिले ‘पोटात’. सौ.नी एक आठवडाभर, कुरकुरत का होईना, उरलेले जे जे एकट्याने संपवायच्या ते ते आधी काट्यावर ठेवले. भात ७४० ग्रॅम, सहा पोळ्या म्हणजे १८०, भाजी-आमटी २६०. एकूण १ किलो १८० ग्रॅम. डब्यातले त्या आठवड्यालाही ७०० च. दोन्ही मिळून १ किलो ८८०, आणि आमची सुरुवात होती २ किलो १०० ची. माझा सारा पराक्रम दोनशेवीस ग्रॅमचा. तोही खराच म्हणता येत नाही; कारण पहिल्या आठवड्यात त्या किती संपवत होत्या हे मी लिहिलेच नव्हते. त्या आधीच्या शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचे तर सोडूनच द्या.

डॉक्टरांनी वही पाहिली. ते काही फार बोलले नाहीत. रात्री अकराला उभ्याने खाल्लेला भात हा शिळा असो की ताजा, साखर त्याला ओळखते, एवढेच म्हणाले. आणि गोळी वाढवली.

मग मी वेगळा प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. “रात्री तू अडीच वाट्या तांदूळ घालतेस. आपल्याला दोन पुरतात, हे या वहीवरून दिसतंय. मग अडीच का?”

“अडीचच घालायचे,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ लसूण सोलत राहिल्या.

“एकोणऐंशी साली,” त्या लसणाकडे पाहत म्हणाल्या, “लग्नाला दोन महिने झाले होते. तुमच्या मामांबरोबर कोकणातून तिघेजण आले, न कळवता. पुरुषांची पंगत झाली, मुलांची झाली. शेवटी मी आणि सासूबाई बसलो, तर पातेल्यात मूठ-दीड मूठ भात. तो त्यांनी माझ्या पानात वाढला. मी उचलून त्यांच्या पानात वाढला. त्यांनी परत माझ्या. असं तीन वेळा झालं. मग आम्ही दोघी हसायला लागलो, आणि हसता हसता मला रडू आलं, भुकेनं. दुसऱ्या दिवशी तांदूळ धुताना सासूबाई म्हणाल्या, आजपासून अर्धी वाटी जास्त टाकत जा. ती आपल्या दोघींची.”

त्या दिवशीच्या पंगतीत मी असणारच. ताकभातासाठी दुसऱ्यांदा भातही मागून घेतला असेन. मला आठवत नाही. आठवायला मला काही कारणच नव्हते. आई २००४ साली गेली. वाडा पडून त्याचीही आता सोसायटी झाली. अकरा माणसांची पाच झाली, तांदळाचे माप त्या बेताने कमी होत आले. पण ती अर्धी वाटी मात्र कुकरमध्ये रोज पडतच होती.

हे ऐकल्यावर त्या अर्ध्या वाटीला नासाडी म्हणायला माझी जीभ रेटेना. पण वाटी ठेवून भागणारही नव्हते. तोडगा सूनबाईंनी काढला आणि तो तांदळाशी सुरू झालाच नाही. रात्री पाचही जणांनी एकदम बसायचे, भांडी टेबलावर, ज्याचे त्याने वाढून घ्यायचे. आमच्या घरात सणावारीसुद्धा सौ. सगळ्यांबरोबर बसलेल्या मला आठवत नाहीत. पहिले चार दिवस त्या अर्धवट उठत. पापड भाजायचा राहिला, ताक आणायचे राहिले. नात त्यांच्या पदराला धरून खाली बसवी. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःहून कुकरला दोनच वाट्या लावल्या. आम्हाला सांगितले नाही. मला कळले ते काट्यावर.

बाकीच्या गोष्टी मग किरकोळ होत्या. बाहेर जेवणार असेल त्याने संध्याकाळी पाचच्या आत कळवायचे. चिरंजीवांचा आठ वाजता येणारा निरोप म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर भाजी, हे त्यांना ग्रॅममध्ये दाखवल्यावर पटले. उरलेला भात बाहेर न ठेवता गार होताच फ्रिजमध्ये, तोही डोळ्यांसमोरच्या कप्प्यात. गुरुवारी रात्री नवे काही शिजवायचे नाही; फोडणीची पोळी, भाताची थालिपिठे, आमटीत वरणफळे, जे असेल ते. आणि उरलेले संपवायची पाळी प्रत्येकाची, आळीपाळीने, सौ. सोडून. आठव्या आठवड्यात डब्यात ८२० ग्रॅम, पोटात ४५०, तेही चौघांच्या. साखर १४१.

एकच आकडा हलायला तयार नाही. कोथिंबीर. मंडईतून भाजी मी आणतो. दोन जुड्यांच्या भावात तिसरी मिळते, आणि ती सोडून येणे मला अजून साधलेले नाही.

आता फराळाची यादी चालू आहे. गेल्या वर्षीचे तुळशीच्या लग्नानंतरही उरलेले अनारसे कोणाच्या दारी गेले आणि कोणाचे आमच्या दारी आले, याचा हिशेब कोणताच काटा सांगू शकणार नाही. चकलीची भाजणी किलोऐवजी पाऊण किलो करायचे ठरले आहे. चिवड्यावर एकमत नाही.

परवा रात्री आठला मेहुणे न कळवता आले. सौ.नी पातेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. सूनबाईंनी छोटा कुकर काढून अर्धी वाटी तांदूळ लावले. पंधरा-वीस मिनिटे आम्ही सगळे, सौ.सुद्धा, टेबलाभोवती गप्पा मारीत बसलो आणि मग सहाजण जेवलो. वही आता त्या लिहितात. त्या रात्रीच्या पानावर त्यांच्या अक्षरात एवढेच आहे: भात, नाही. पोळी एक, यांनी खाल्ली. कोथिंबीर अर्धी जुडी, यांनीच आणलेली.